फ्रान्सचा गिलास आणि चुन्याची डबी

हुडकेश्वरच्या लॉनवर खुर्च्या कमी पडल्या होत्या. माणसं पेंडॉलच्या खांबांना टेकून उभी, आणि मंचावर भूपेशगुरू लाल वाइनचा गिलास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून बसलेला. त्याने गिलास गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घेऊन खळखळ गुळण्या केल्या आणि डोळे मिटले. 

"फ्रान्स. बोर्दो. टेकडीचा पूर्वेकडचा उतार," तो म्हणाला. "वीस वर्षं जुनी. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. वेलीनं तहान सोसली, म्हणून हिच्यात रक्त शुद्ध करायची ताकद आली. हार्टवाल्यांनो, रोज एक गिलास घ्या, नळ्या आपोआप खुलतात. गोळ्या तं कंपन्यांचा धंदा आहे."

टाळ्याच टाळ्या. बाटलीचं लेबल त्याच्याकडे तोंड करून होतं, हे कोणाला दिसलं नाही.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वाइन चाखणं ही खरी विद्या आहे, तिच्यासाठी वर्षानुवर्षं जीभ घासावी लागते, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण या गुळण्यांशी होतं, कारण पहिल्या रांगेत माझे बाबा बसले होते. हृदयात स्टेंट, आणि महिनाभरापासून गोळ्या बंद करून रोज हीच वाइन. आदल्याच दिवशी अंगणात चक्कर येऊन पडले, तरी ऐकायला तयार नाहीत. "प्रेमानंदनं आणून देल्लं वं नंदिनी. तो काय माहं वाईट करन?"

प्रेमानंद माझा धाकटा भाऊ. बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून तो गुरूच्या नादी लागला होता. आत्ताही मंचावर तोच गिलास भरत होता.

मी उभी राहिले. "एक शंका विचारू का?"

"विचार ना, बेटी."

"जुन्या लाल वाइनचा काठ विटकरी पडतो म्हणतात. हिचा तं काठापर्यंत कुंकवासारखा लाल आहे. काहून?"

गुरू हसला. "हे पुस्तकात नाही भेटत, बेटी. जिभेले श्रद्धा लागते."

"मंग जीभ राहू द्या." मी मंचावर चढले. दुकानातून आणलेली साधी लाल वाइन पर्समधून काढून एका गिलासात ओतली आणि शेजारी गुरूचा गिलास ठेवला. आमच्या घराशेजारचे मारोतराव खाली बसून तंबाखू मळत होते, त्यांच्याकडून चुन्याची डबी मागून घेतली.

"काळ्या द्राक्षाच्या सालीतला रंग चुन्यात टिकत नाही. पाहा."

माझ्या गिलासात बोटभर चुना ढवळला. लाल रंग काळवंडला आणि बघता बघता हिरवट-निळा झाला. तेवढाच चुना गुरूच्या गिलासात टाकला. वाइन गढूळ झाली, पण लालची लालच राहिली.

"हा रंग द्राक्षाचा नाही. वरून टाकलेला आहे," मी म्हणाले.

"अपवित्र केली तू तिले," गुरू ओरडला. "चुन्यानं तिची शक्ती गेली."

मारोतराव शांतपणे म्हणाले, "चुना माहा एकच आहे गा. मंग एकाच गिलासाचा रंग काहून पलटला?"

लोक हसू लागले आणि गुरू मागच्या पायऱ्यांकडे सरकला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मुलाकडे पाहत होते.

"बाबू, बाटल्या कोण भरत होतं?"

प्रेमानंदची मान खाली गेली. "मीच. साधी पांढरी वाइन, साखर, अन् बर्फगोळ्याचा रंग. इतवारीच्या बाजारातून आणत होतो. मले वाटलं, रंगच तं आहे, कोणाचं काय बिघडते."

"अन् माह्या गोळ्या?"

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली.

"फ्रान्स कुठं आहे मले काय माहीत, बाबू," बाबा म्हणाले. "मी तं तुह्या तोंडाकडे पाहून पीत होतो."

त्या गुरूसारखे भामटे रोज भेटतात, त्याचा राग मी केव्हाच विसरले. भावाचा अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर प्रेमानंदनं पाणी आणि गोळीचं पाकीट आणून दिलं. बाबांनी चष्मा लावला, पाकिटावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि मग ते माझ्याकडे दिलं. "तूही पाहून घे वं एकदा." प्रेमानंद समोरच उभा होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातची वस्तू तपासून घेतली होती.

म्हणून सांगते, गुरूला तर विचाराच, पण घरच्या माणसानं प्रेमानं हातात दिलं तरी विचारा, वाचा, तपासा. माया करायला पुरावा लागत नाही. औषधाला लागतो.