पंधरावी सही

"आधी सही, मग जेवण! एवढासा कागद आहे, कुणाला चावत नाही!"

गोन्त्साना सर फाटकाशी उभे राहून ओरडत होते आणि अख्खं गाव त्यांच्यापुढे रांगेत उभं होतं. मयताहून परतल्यावर फाटकाशी ठेवलेल्या घमेल्यात हात धुतल्याशिवाय कुणी अंगणात पाऊल टाकत नाही, हे सरांनी बरोब्बर हेरलं होतं. घमेल्याच्या अलीकडे मातीने माखलेले हात, पलीकडे मंडपात बैलाच्या मांसाचा रस्सा आणि मक्याच्या कण्या, आणि मधोमध काखेत फॉर्मांचा गठ्ठा घेतलेले सर. शेजारी मी, शाळेची क्लार्क, मुठीत पेनं धरून.

"अहो भेले, म्हाताऱ्याला पुरून तासही झाला नाही!" एकाने त्यांच्या कुळाच्या नावाने हाक मारून टोमणा हाणला.

"म्हातारा पोचला. आता पोरांना पोचवायचंय."

"कुठं?"

"दहावीच्या गणितात!"

रांग खदखदून हसली. मीसुद्धा. अगदी निवडणुकीसारखी धमाल चालली होती.

गोष्ट अशी होती. येत्या जानेवारीपासून आमच्या शाळेत दहावीला खरं गणित ठेवायचं की नुसतं हिशेबी, हे सोमवारी सकाळी दहाला ठरणार होतं. हिशेबी गणितात पोरं धडाधड पास होतात आणि शाळेचा निकाल चांगला दिसतो. पण पुढे इंजिनिअर, डॉक्टर असलं काही व्हायचं तर ती दारं तिथेच बंद. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं, नववीच्या पंधरा घरांनी सही करून मागितलं तर गणिताचा वर्ग, नाहीतर नाही. शुक्रवारपर्यंत अकरा झाले होते. तो दिवस शनिवार, अजून चार हवे होते.

आणि मी, जी दुसऱ्यांच्या हातात पेनं कोंबत होते, तिच्या पर्समध्ये एक फॉर्म तीन आठवडे बिनसहीचा पडून होता. माझ्या लुथोचा.

लुथोला मोजणीदार व्हायचंय. नदीवरच्या पुलासाठी माणसं आली होती, तीन पायांवरच्या दुर्बिणीतून बघणारी. त्यांनी हिला रंगीत काठी धरायला दिली दोन दिवस. तेव्हापासून पोरगी अंगणसुद्धा पावलांनी मोजते. मी म्हटलं, हिशेबी घे, चांगले मार्क पडतील, नर्स हो, माझ्यासारखी क्लार्क हो. तेव्हापासून अबोला. आताही ताटं घेऊन माझ्यासमोरून गेली आणि सरांनाच म्हणाली, "सर, क्लार्कबाईंना सांगा, त्यांच्या पेनात शाई आहे का बघा म्हणावं."

सर उगाच फॉर्मांचा गठ्ठा चाळू लागले. मला सांगणार तरी कसे? सरांनी शिकवलेल्या अगदी पहिल्या तुकडीतली मी. सत्त्याण्णव साली त्यांनी तांबड्या पेन्सिलने माझ्या फॉर्मवरचं गणित खोडलं आणि 'गृहशास्त्र' लिहिलं. म्हणाले, "पोरी, तुला झेपायचं नाही." मी मान डोलावली आणि घरी आले. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत टायपिंग करते. ते मला क्लार्क म्हणतात आणि मी त्यांना सर. माझ्या पोरीच्या तोंडावरही एक दिवस कुणी असंच फटकन सांगेल, ही माझी भीती. आणि खरं सांगायचं तर रागही होताच.

तेवढ्यात नोफिनिश आजी काठी टेकत आली. नातवाचं नाव विचारून सरांनी फॉर्म काढला. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, तुला अक्षर कळत नाही, सही कशाची करतेस?"

आजी गर्रकन वळली. "मला घड्याळ कळत नाही. म्हणून काय माझ्या नातवानेही कोंबडं ऐकून उठावं?"

मी तिचा अंगठा शाईत बुडवला. अंगठा उमटला तशी सरांनी टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाले, "म्पिंगा! मावावा! सिन्तिला!" नुसतं 'आभारी आहे' आम्ही दुकानात म्हणतो. काळजातून आभार मानायचे तर माणसाच्या कुळाची नावं घ्यायची, त्याच्या पूर्वजांना उभं करायचं. आजी तरण्या पोरीसारखी ताठ झाली. तिचं ते घड्याळाचं बोलणं आठवून मी मात्र पर्स काखेत आवळली.

मंडप उतरेपर्यंत पंधरा फॉर्म झाले. सरांनी चक्क नाचून दाखवलं. मी म्हटलं, चला, वर्ग तर उघडला. माझ्या फॉर्मचं बघू पुढे.

सोमवारी साडेनऊला मी गठ्ठा उघडला आणि ओरडलेच. खाणीत काम करणारा थेम्बिले आधी घमेल्यात हात घालून मोकळा झाला होता आणि मग ओल्या, गळत्या हातांनी त्याने सही केली होती. नाव, सही, पोराचा वर्ग, सगळ्याचा मिळून एक निळा डाग झाला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी तो उजेडात धरला. "हे काय आहे, गोन्त्साना? ढग?"

"बाई, थेम्बिलेला फोन लावतो."

"तो काल रात्रीच्या बसने रुस्टेनबर्गला खाणीवर गेला, बायको केप टाऊनला. फोनवरची सही मी कुठे चिकटवू? चौदा आहेत. दहा वाजेपर्यंत थांबते." आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

सर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले. कालपरवा नाचलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. घड्याळात पावणेदहा. मी पर्स उघडली आणि लुथोचा फॉर्म टेबलावर ठेवला.

"सर, सत्त्याण्णव साली तुम्ही माझं गणित खोडलंत. आठवतं?"

"आठवतं."

"मला झेपलं नसतं?"

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाकं चोवीस होती आणि पोरं एकतीस. सात नावं खोडायची होती. जी पोरं भांडायला येणार नाहीत, त्यांची खोडली." मग हळूच म्हणाले, "तुझे मार्क वर्गात चौथे होते."

चौथे! मला हसू आलं की रडू, कळेना. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी स्वतःला ढ समजत होते, आणि कारण काय, तर बाकं कमी.

"माझी लुथो भांडते हो, सर," मी म्हणाले. "तिचं नाव खोडून बघा कुणी."

मी सही केली. ठळक, पूर्ण नाव, वुयेल्वा. हात कोरडे ठणठणीत होते. वर शाळेचा शिक्का मारला, दण्णकन.

सर उभे राहिले. टोपी छातीशी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला क्लार्क न म्हणता हाक मारली.

"माराडेबे," म्हणाले. "राडेबे. भुंगाने. म्थिमखुलू."

माझ्या कुळाची नावं, एकामागून एक. त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले. दहाला अजून सहा मिनिटं होती. शाई पूर्ण वाळेपर्यंत मी तो कागद कुणाच्या हाती दिला नाही.