अर्ध्या चेहऱ्याची मुलाखत

वहिनीला ती नोकरी हवी होती. पगार लागत होताच, पण त्याहून जास्त म्हणजे तिला ती मनापासून हवी होती. मुलगी शिकायला परगावी गेली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं. कपड्यांच्या दुकानात उभं राहावं, चार बायकांशी बोलावं, एवढंच तिचं म्हणणं. पण आधीच्या दोन दुकानांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. "आम्हाला जरा स्मार्ट बाई हवी होती." स्मार्ट म्हणजे नक्की काय, ते मेलं कुणी सांगत नाही; वरपासून खालपर्यंत बघतात आणि मान हलवतात. तिसऱ्या दुकानानं मुलाखतीला बोलावलं तेव्हा वहिनीनं ठरवून टाकलं, इथे नाही म्हणाले तर पुन्हा कुणाची पायरी चढायची नाही.

म्हणून ती नणंदेला शरण गेली.

या नणंदेला घरात सगळे सेलमंत्री म्हणत. उगाच नाही. आख्ख्या गावात कुठे काय स्वस्तात मिळतं, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. कारखान्यानं बाद केलेल्या मालाच्या ढिगात ती खांद्यापर्यंत हात घालायची आणि मासा पकडावा तसं नेमकं एक बाहेर काढायची. वहिनीसाठी तिनं तिथूनच निळं जाकीट काढलं. खिसा वाकडा शिवला होता, एवढाच दोष. खिसा उसवून सरळ केला, प्लास्टिकची बटणं कापून जुन्या कोटाची लावली, आणि जाकीट असं काही दिसायला लागलं की वहिनीला ते घालायची भीती वाटू लागली. सँडल काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला शेवटचा जोड. एकीचा रंग उन्हानं उडाला होता, म्हणून निम्म्या भावात मिळाला. पॉलिश मारल्यावर दोघी सख्ख्या बहिणी दिसू लागल्या.

"आता राहिला चेहरा," सेलमंत्री म्हणाली.

"चेहऱ्याला काय झालंय?"

"झालं काहीच नाही गं वहिनी. म्हणूनच काहीतरी करायला हवं."

चेहऱ्याची योजना तर फुकटातली होती. मोठ्या दुकानात प्रसाधनांच्या काउंटरवर काळा कोट घातलेली एक पोरगी उभी असते. ती गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा रंगवून देते आणि आरसा पुढे करते. फरक बघा, पटला तर डबी घ्या. नाही घेतली तरी अर्धा चेहरा आपलाच. समोरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची दुसरी पोरगी. सेलमंत्रीनं हिशेब मांडला : एक गाल इकडे, दुसरा गाल तिकडे. फुकट ते पौष्टिक!

"आणि रंग जुळले नाहीत तर?"

"तू ना, नन्नाचा पाढा लावू नकोस. दोघी गोरंगोमटंच करतात."

पहिल्या पोरीनं डावी बाजू केली. काय केली म्हणून सांगू! डाव्या डोळ्याखालचं काळं गेलं, गालावर तेज आलं, भुवईला वळण आलं, अर्धे ओठसुद्धा रेषेवर थांबवून रंगवले. वहिनी आरशात बघतच राहिली. डावीकडे लग्नातली ती, उजवीकडे आजची. तिला एकदम भरून आलं.

"डोळे पुसू नका हं," पोरगी म्हणाली. "म्हणजे पुसलं तरी काजळ सोडून काही निघायचं नाही. पाण्यानं जात नाही, हीच आमची खासियत."

दोघी धावतच रस्ता ओलांडून गेल्या. दुसरी पोरगी रिकामीच होती. वहिनी खुर्चीत बसली आणि तिनं उजवा गाल पुढे केला. पोरीनं दोन बोटांनी हनुवटी धरली आणि तोंड फिरवून डावा गाल समोर घेतला. एका बाटलीतलं काहीतरी कापसावर ओतलं आणि बघता बघता पहिल्या पोरीची सगळी कारागिरी पुसून टाकली.

"अगं, अगं! ती झालीय! दुसरी कर!" सेलमंत्री ओरडली.

"आम्ही डावीच करतो, मॅडम. ट्रेनिंगमध्ये डावीवरच हात बसवून घेतलाय. उजवी केली तर भुवई कुठे जाईल सांगता येत नाही." आणि बोलता बोलता तिनं डावी बाजू काजळासकट नव्यानं रंगवूनही टाकली.

"मग त्या बाटलीनं हे सगळं काढून तरी दे."

"आमचाही रंग पाण्यानं जात नाही, आणि ती बाटली विकत आहे," पोरगी म्हणाली आणि किंमत सांगितली. सेलमंत्रीनं छातीवर हात ठेवला. तेवढ्यात जाकिटं दोन आली असती! मुलाखत चारची, आणि घड्याळात चार वाजायला आले होते. पर्समधल्या लिपस्टिकचं बूड काडीनं खरवडून तिनं उजवी बाजू सजवायचा प्रयत्न केला, पण तो रंग असा भडकला की तो आपला रुमालानं पुसूनच टाकला. करायला गेलो काय आणि झालं काय.

"घाबरू नकोस. मालकाकडे डावी बाजू करून बस," मुलाखतीच्या दुकानाच्या दारात सेलमंत्री म्हणाली. "चंद्र जन्मभर एकच बाजू दाखवतो. त्याचं काही अडलंय का?"

"मी चंद्र नाहीये गं बाई," वहिनी म्हणाली. पण ती आत गेली.

उजव्या गालावर रुमाल धरून, खोकल्याचं निमित्त करून ती मागच्या खोलीत शिरली. टेबलाशी तरुण मालक बसला होता. वहिनीनं खुर्ची तिरकी केली, डावी बाजू त्याच्याकडे केली, रुमाल खाली घेतला आणि सुस्कारा सोडला. मग तिला दिसलं की उजवीकडे, कपाटाच्या आडोशाला, स्टुलावर एक म्हातारी बाई कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत बसलीये आणि तिच्याकडे टक लावून बघतेय. मालकाची आईच असणार! आता इकडे वळावं तर आड, तिकडे वळावं तर विहीर. ती भिंतीकडे बघत सरळ बसून राहिली.

प्रश्न झाले, उत्तरं झाली. मालक खुशीत आला. "आई, मला अशीच हवी होती. टापटीप, तरुण, आजच्या काळातली."

"मलाही पसंत आहे," म्हातारी म्हणाली. "पोक्त आहे. चार पावसाळे बघितलेली. गिऱ्हाईक विश्वास ठेवेल."

मायलेकांचं एकमत झालं होतं. वहिनीनं मनातल्या मनात हात जोडले. आता दोघांनी गप्प बसावं, एवढंच. पण एकमत झालं म्हणून गप्प बसतील तर ते मायलेक कसले!

"पोक्त कुठे? पस्तिशीतली असतील."

"डोळे तपासून घे. पन्नाशीला टेकलीय ती."

"तूच चष्मा लाव!"

"थांब, दाखवतेच तुला," म्हणत म्हातारी उठली, टेबलाला वळसा घालून लेकाच्या शेजारी आली. लेकही तावातावानं उठून तिच्या जागी गेला. दोघांनी बघितलं.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," मालक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ही फसवणूक झाली, बाई."

आता मात्र वहिनी सरळ झाली. लपवायला काही उरलंच नव्हतं, मग भीती कसली? "फसवायला नव्हते आले मी. मेकअप विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून फुकटचा करून घेतला. दोन्ही ठिकाणी डावीच बाजू करतात, हे मला काय माहीत? दोन दुकानांनी मला तोंड बघून परत पाठवलंय, साहेब. एक शब्द विचारला नाही. तुम्ही निदान अर्धं तरी बघून हो म्हणालात." तिनं बोट आधी मालकाकडे, मग म्हातारीकडे केलं. "तुम्हाला तरुण हवी, यांना पोक्त हवी. दोघी आल्यात. एका पगारात ठेवून घ्या. एवढा स्वस्त सौदा तुम्हाला सबंध बाजारात मिळायचा नाही."

म्हातारीचं आधी पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ती टेबल धरून अशी हसली की लावायच्या चिठ्ठ्या जमिनीवर विखुरल्या. "अरे, ही आपल्याला आपल्याच दुकानात माल खपवतेय," डोळे पुसत ती लेकाला म्हणाली. "आणि तू विचार करत बसलायस!"

मालकानं आईकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "सोमवारपासून या," तो म्हणाला. "पण कृपा करून दोन्ही बाजू सारख्या करून या."

वहिनी बाहेर आली. फुटपाथवर सेलमंत्री येरझारा घालत होती. तिला बघताच वहिनीला रडू कोसळलं. रडली दोन्ही डोळ्यांनी, पण काळा ओघळ आला एकाच गालावर, तो थेट हनुवटीपर्यंत. सेलमंत्रीचा धीरच सुटला.

"नाही म्हणाले ना? सगळी माझी चूक. मेलं माझं डोकं!"

वहिनीनं मान हलवली. "ठेवलं."

"ठेवलं? खरं सांगतेस? अगं, पण कुणाला, त्या रंगवलेल्या बाईला की साध्या बाईला?"

वहिनीनं नाक पुसलं, जाकीट नीट केलं.

"मला," ती म्हणाली.