बुया फिरौन कुणाला म्हणाले

रविवारी पहाटेच्या नमाजानंतर मशिदीचे मौलवी बुया झर्कानींनी पुन्हा मूसाचीच गोष्ट काढली, आणि दातुक स्यामसुआरच्या मनात पाल चुकचुकली.

स्यामसुआर आपल्या कुळाचा दातुक, म्हणजे कुळप्रमुख, होताच, शिवाय गावाचा प्रमुखही होता. तळ्याकाठची ती मशीद त्याच्याच आईच्या घराण्याच्या जमिनीवर उभी होती. आधीचे मौलवी वजू कसा करावा, रोजा कशानं मोडतो, असलं सांगायचे; माणसं खांबाला टेकून डुलक्या काढायची आणि सुखानं घरी जायची. हे नवे बुया आल्यापासून नुसते जुने पैगंबर. त्यातही अलीकडे दुसरं नावच नाही. मूसा, मूसाची आई, मूसाच्या मुळावर उठलेला मिसरचा राजा फिरौन.

"फिरौन आपल्या लोकांना म्हणाला," बुयांनी मऊ आवाजात अर्थ सांगितला, "मिसरचं राज्य माझं नाही का? हे पाणी माझ्या पायाखालून वाहत नाही का?"

पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी वळली. दातुकनं ती बरोबर हेरली. तळ्याचा पूर्वेकडचा काठ त्यानं नुकताच शहरातल्या एका माणसाला माशांचे पिंजरे टाकायला दिला होता. तेव्हापासून गावात कुजबुज होती, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. आता कुराणच बोलू लागलं होतं.

नंतर कॉफीच्या टपरीवर तळलेली केळी आणि चिकट भात पुढे घेऊन बसलेल्या जमारिसनं बाकावर जागा केली. जमारिस त्याचा लहानपणचा दोस्त, पण जिभेला हाड नसलेला.

"या, या. पाणी पायाखालून वाहतंय ना नीट?"

टपरीवरचे सगळे कपात बघून हसले.

"तुला काय वाटतं," दातुकनं आवाज खाली आणला, "कोण शिकवतंय त्यांना?"

"बुयांना? ते शिकलेलेच आहेत."

"चेष्टा नको. बाहेरचा माणूस. काठाचं प्रकरण त्याला काय माहीत? कुणीतरी कान भरलेत."

"भरले असतील," जमारिस केळं चावत म्हणाला. "पण दातुक, फिरौन बुडतो त्या भागाला अजून वेळ आहे. तोवर पोहायला शिकून घे."

ते हसणं दातुकच्या अंगात दुपारपर्यंत ठसठसत राहिलं. दुपारच्या नमाजानंतर तो बुयांच्या घरी गेला. बुया ओट्यावर मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होते.

"बुया, स्पष्टच विचारतो. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांच्या गोष्टी आमच्या काय कामाच्या? लोकांना नमाज नीट येत नाही, ते शिकवा की."

बुयांनी तांब्या खाली ठेवला. "दातुक, हा प्रश्न मलाही पडायचा. मग मी एक आयत नीट वाचली. अल्लाह पैगंबरांना म्हणतो, आधीच्या रसूलांच्या या बातम्या तुला सांगतो त्या तुझं काळीज घट्ट करायला. मक्केत लोक त्यांना खोटं ठरवत होते, घरची माणसं गेली होती. तेव्हा त्यांना कळावं, की हे सोसणारा मी पहिला नाही. पैगंबरांच्या काळजाला आधार लागला, तर आपली काय कथा?"

"मग आता कुणाचं काळीज घट्ट करताय?"

बुया दचकले. नको तिथे पाय पडल्यासारखे.

"ही गोष्ट कुणीतरी मागून घेतली आहे," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा मागतं म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो."

"कोण?"

"ते सांगायचं नाही, असा शब्द दिलाय."

"आणि ते पायाखालचं पाणी? तेही मागून घेतलेलं?"

"ते वाटेत आलं," बुया म्हणाले. "गोष्ट सांगताना मी कुणाच्या अंगाचं माप घेत नाही. कुणाला बसलं, तर त्याचं त्यानं बघावं."

दातुक तिथून उठला तो दुप्पट संशय घेऊन. म्हणजे कुणीतरी आहे. मग त्याला झोप लागेना की जेवण जाईना. गावप्रमुखाच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध पडलेला शाळामास्तर असेल, की पिंजऱ्यांमुळे जाळं टाकायला जागा न उरलेले कोळी? तो येता-जाता बुयांच्या घरावर नजर ठेवू लागला. टपरीवर तो आता अशा कोपऱ्यात बसायचा, की बुयांचं दार समोर दिसावं.

एका दुपारी केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन एक बाई त्या दाराशी गेली. पाठमोरी, करड्या ओढणीतली. बुयांच्या बायकोनं दार उघडलं, बाई आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा दिसला आणि दातुकच्या हातातली कॉफी तशीच राहिली. ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती, नेलहायाती.

घरचा भेदी तो हाच. तिचा मेलेला नवरा कोळ्यांतलाच होता. दिरांनी तिला फितवली असणार. दातुक तरातरा आईच्या घरी गेला. घर मुलीकडे जायचं या रीतीनं ते आता नेलचंच होतं. ती स्वयंपाकघरात तळ्यातले बारीक मासे निवडत होती.

"उदा, बसा," थोरल्या भावाकडे न बघताच ती म्हणाली. "भात लावते."

"भात नको. बुयांना मूसाची गोष्ट सांगायला तू लावलंस?"

तिचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे. सगळ्या गावासमोर भावाला फिरौन म्हणवून घेतेस? कोळ्यांनी काय कबूल केलंय तुला?"

नेलनं मान वर केली. तिला खरोखरच काही समजलं नव्हतं, हे त्याला दिसलं, आणि पहिल्यांदा त्याचा पाय डळमळला.

"फिरौन?" ती म्हणाली. "तुम्ही फिरौनाचं ऐकत होतात? मी तर आईचं ऐकते."

"कुठल्या आईचं?"

"मूसाच्या. पोराला नदीत सोडलं तिनं. मग कुराणात म्हटलंय, तिचं काळीज रितं झालं. रितं, उदा. असाच शब्द आहे. मशिदीत बायकांच्या पडद्यामागे पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, माझ्या आत डोकावून कुणी लिहिला. पुढे म्हटलंय, आम्ही तिचं काळीज बांधून धरलं, नाहीतर ती बोलून बसली असती. तेवढ्यासाठी जाते. एका रविवारचं ऐकलेलं पुढच्या रविवारपर्यंत पुरत नाही."

दातुक चुलीजवळच्या फळीवर बसला. रिसमान, तिचा एकुलता एक मुलगा, परदेशी मासेमारी जहाजावर गेला होता. सुरुवातीला फोन यायचे, मग तुटक झाले, मग बंद. समुद्रात कुठले आलेत फोन, असं म्हणून दातुकनं तो विषय मिटवला होता. त्यांच्या रीतीनं भाच्याला कमवायला गावाबाहेर पडायला लावणं हे मामाचंच काम, आणि पाडांग शहरातला, जहाजांवर पोरं पाठवणारा दलाल त्यानंच गाठून दिला होता.

"मला का नाही बोललीस?"

"त्या आईला देवानं सांगितलं होतं, सोड त्याला पाण्यात, भिऊ नकोस, मी परत आणीन." तिनं मासे बाजूला सारले. "मला तुम्ही सांगितलंत. परत आणीन, एवढं मात्र म्हणाला नाहीत."

बाहेर कुणाची तरी कोंबडी कलकलत होती.

"तिनं आपल्या मुलीला म्हटलं, त्याच्या मागावर जा," नेल म्हणाली. "मला मुलगी नाही. भाऊ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं दातुक पाडांगला गेला. दलाल आधी गोड बोलला, मग साहेब बाहेर गेलेत म्हणाला, मग फोन उचलेना. दातुक त्याच्या दुकानासमोर पायरीवर बसला. रात्री एका नातलगाकडे पडायचा, सकाळी पुन्हा पायरी. डोक्याला कुळप्रमुखाचा रुमाल बांधूनच बसायचा. येणारी-जाणारी पोरं आणि त्यांचे आईबाप त्याला थांबून विचारायचे आणि ऐकून परत फिरायचे. धंदा बसायला लागला तेव्हा दलालाला वाचा फुटली. रिसमानला मधेच दुसऱ्या जहाजावर चढवलं होतं, पासपोर्ट कप्तानाकडे होता. मग सरकारी कचेऱ्या झाल्या, खलाशांच्या संघटनेतल्या एका मुलीनं मदत केली, आणि कुठल्याशा लांबच्या बंदरातून एका संध्याकाळी आवाज आला.

"मामा?"

"कसा आहेस?"

"आईला द्या," रिसमान म्हणाला.

"आई गावी आहे. मी पाडांगला आहे, तुझ्यासाठीच—"

"मग तिच्या नंबरवर लावतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रोज्यांचा महिना तोंडावर असताना तो परतला. डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. नेलनं त्याला दारातच धरलं, चेहरा चाचपला आणि पान मांडलं. तो जेवत असताना ती समोर बसून नुसती बघत होती. दातुक उंबऱ्याशी उभा होता. पोरगं आपल्याबद्दल तिला काय सांगेल, किती सांगेल, हे त्याला भाच्याच्या चेहऱ्यावरून काढता येईना.

"उदा, आत या," नेल म्हणाली.

रिसमाननं मान वर न करता फळीवर थोडं सरकून जागा केली.