मिरेलचा पंचनामा

“गाव रिकामो होतो!” सुशांतने टेबलावर अशी थाप मारली की चहाचे ग्लास जागच्या जागी उडाले. “तीन दिस आधी दवंडी पिटल्यान. माणसा सगळी डोंगरापलीकडे गेली. मगे आग लावल्यान. रिकाम्या गावाक आग लावली तर ता पाप कसा काय?”

“रिकामो होतो ह्या सांगता कोण? जाळल्यान तोच मा?” नम्रता म्हणाली. “चोराच्याच तोंडान चोरीची गजाल ऐकतलस?”

“खंयचो गाव ह्यो?” बाळाने गल्ल्यावरून विचारलं. आचऱ्यातल्या ह्या हॉटेलचा तो मालक, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी जमली की हा प्रश्न विचारायचा मक्ताच त्याने घेतला होता. “पेपरात काय वाचूक नाय मिया.”

“खेळातलो गाव, बाळा. खेळातलो.”

“मगे भांडतास कित्याक?” असं म्हणून तो भज्यांच्या कढईकडे वळला.

खेळाचं नाव ‘वेलमोरा’. संगणकावर खेळायचा, राजे-राण्यांचा, जादूचा आणि लढायांचा. त्यात कासर्न नावाचा सेनापती आहे. शत्रूला धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून त्याने युद्धाच्या मध्यावर मिरेल नावाचं आपल्याच राज्यातलं गाव जाळलं. गावात माणसं होती की नव्हती, हे खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दामच सांगितलेलं नाही. त्या महिन्यात खेळाचा नवा भाग आला होता आणि त्यात कासर्नवर खटला उभा राहिला होता. खेळणाऱ्याने निकाल द्यायचा, फाशी की हद्दपारी. झालं, मालवणपासून खारेपाटणपर्यंतची सगळी वेलमोरावाली मंडळी दोन तट पाडून बसली. सुशांतचं औषधांचं दुकान होतं, पण गेले पंधरा दिवस तो गिऱ्हाइकाला गोळी देताना कासर्नची बाजू पण देत होता. नम्रता सावंतवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि केवळ हे भांडण करायला स्कूटरवरून एवढ्या लांब यायची.

टेबलाच्या टोकाला लवू घाडी बसले होते. वय सत्तावन्न, पेशाने तलाठी. सरकारने मध्यंतरी ह्या पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण तेवढ्यासाठी कोणी जीभ वळवली नाही. ह्या पोराटोरांच्या खेळात घाडी शिरले ते मुलीमुळे. आकांक्षा नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना संगणक घरीच राहिला. मग दर शनिवारी बाप इकडून आणि मुलगी तिकडून, दोघं कानाला यंत्रं लावून वेलमोराच्या जंगलातून हिंडायची, आणि हिंडता हिंडता जेवलीस का, पगार झाला का, हे बोलून व्हायचं. पुढे तिचं लग्न झालं आणि तिचं खेळणं सुटलं. घाडींचं सुटलं नाही.

त्या दिवशी मात्र त्यांचं अर्धं लक्ष गुरुवारकडे होतं. गुरुवारी त्यांना तालुक्याच्या कोर्टात साक्षीला उभं राहायचं होतं, आणि तिथे काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

“काकानू, तुमी काय तरी आणलंय म्हणालात,” नम्रताने आठवण केली.

घाडींनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले. पंधरा दिवस ते खेळात न लढता, न जादू करता, मिरेलच्या राखेतून एकटेच फिरले होते आणि जे दिसलं ते लिहीत गेले होते. लिहायची पद्धत त्यांना एकच ठाऊक होती.

“मौजे मिरेल येथील जळीत घरांचा पंचनामा,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “पंच मिळून आले नाहीत, सबब एकट्याने केला. एकूण घरे एकशे चौदा, पैकी पूर्ण जळालेली सत्त्याण्णव. घर क्रमांक एक. पूर्वेस विहीर, पश्चिमेस सरकारी रस्ता. छप्पर संपूर्ण कोसळलेले. दार जळालेले, मात्र लोखंडी अडसर आतील बाजूस, खाचेत बसलेला. घर क्रमांक दोन. पूर्वेस घर क्रमांक एक…”

सरकारी रस्ता ऐकून दोघं-तिघं फिस्सकन हसले. पण घाडी थांबले नाहीत, त्यांचा आवाज वरखाली झाला नाही. विसाव्या घरापर्यंत हसणं बंद झालं. बाळाही कढईखालचा गॅस बारीक करून ऐकायला आला.

“एकंदरीत सत्त्याण्णव घरांपैकी त्रेसष्ट घरांचे अडसर आतून लावलेले आढळून आले,” घाडींनी कागद खाली ठेवला. “माणूस घर सोडून गेलो तर कुलूप भायरसून घालता. आमच्या अर्ध्या वाड्यांका तशीच कुलपा आसत. आतसून अडसर कोण घालतलो? जो आत आसा तो.”

“त्रेसष्ट?” सुशांतने विचारलं.

“तीनदा मोजलंय.”

सुशांतने कागद ओढून घेतले, मनातल्या मनात वाचले आणि दोन्ही हात वर केले. “संपला. घाडीकाकांनी लिवला म्हणजे झाला. बघल्याशिवाय ते एक अक्षर लिवणत नाय.” त्याने लगेच फोटो काढून ते कागद राज्यभरातल्या खेळणाऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकले.

घाडींना बरं वाटलं. ते बरं वाटणं अर्धा मिनिट टिकलं असेल. मग त्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोठं वादळ झालं होतं. घाडींकडे तीन गावं, आणि वरून हुकूम होता की पाच दिवसांत सगळे पंचनामे हवेत. चार दिवस ते माणसासारखे जेवले नव्हते. पाचव्या दिवशी एक शेवटची वाडी राहिली होती. वाटेवर झाडं आडवी पडली होती. ओहोळावरच्या मोरीजवळ भेटलेला एक जण म्हणाला, “थंय कोण नाय हो, सगळी ममयक.” ते खोटंही वाटलं नाही, कारण त्या वाडीला बारा महिने कुलपंच असायची आणि ती गणपतीला तेवढी उघडायची. घाडींनी मोटरसायकल वळवली आणि कचेरीत बसून अकरा घरांपुढे एकच वाक्य लिहिलं. ‘घर बंद. कुटुंब मुंबईस. वास्तव्य नाही.’

दहा घरं खरंच बंद होती. अकराव्यात जानकी राहत होती. नवरा गेल्यावर मुंबईची खोली सोडून ती कायमची गावाला आली होती, आणि हे घाडींच्या कानावर आलं नव्हतं. पुढे ती कचेरीत आली तेव्हा कागद वर निघून गेले होते. “बघूया पुढच्या आठवड्यात,” असं सांगून घाडींनी तिला वाटेला लावलं आणि स्वतः विसरले.

आता तिच्या दिराने घर आपल्या एकट्याचं करण्यासाठी दावा घातला होता. ही बाई इथे कधी राहतच नव्हती, असं त्याचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून त्याने घाडींच्या सहीच्या पंचनाम्याची नक्कल काढून आणली होती. गुरुवारी वकील विचारणार, ही सही तुमची का, मजकूर बरोबर आहे का. हो म्हटलं की काम संपलं. कचेरीतल्या साऱ्यांचं हेच मत होतं. नाही म्हटलं तर चौकशी लागणार, आणि एकतीस वर्षं डाग नसलेली नोकरी शेवटच्या पाच महिन्यांत मातीत जाणार. घाडी रोज रात्री हो म्हणून झोपत आणि सकाळी उठले की पुन्हा काहीच ठरलेलं नसे.

इकडे सुशांतला गप्प बसवेना. “बरा, माणसा होती. मान्य. पण कासर्नाक ठावक होता काय? तेच्या हेरान तेका सांगल्यान, गाव रिकामो. एवढा मोठा युद्ध तेच्या डोक्यार, तो खंय खंय जातलो? तेना ऐकल्यान आणि हुकूम दिल्यान. चूक हेराची.”

घाडी त्याच्याकडे बघत राहिले. गेले महिनाभर ते स्वतःची समजूत अगदी ह्याच शब्दांत घालत होते, फक्त त्यात हेर नव्हता, मोरीवरचा माणूस होता.

“तेचो तळ मैलभरार होतो!” नम्रता उसळली. “घोड्यार बसान जावचा, चार दारा ठोकूची, परत येवचा. इतक्याच करूचा होता. बघूक जावचा होता रे!”

मग हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. फाशीला सात, हद्दपारीला चार. सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे बघितलं.

“काकानू, तुमचा काय?”

“तेका मिरेलाक धाडा,” घाडी म्हणाले. “घरान घर फिरू दे. प्रत्येक दारात उभो रवान लिवान काढू दे, हंय कोण रवत होता ता.”

“तसो पर्याय खेळात नाय हा, काकानू.”

“नाय तर नाय.” घाडी उठले. बशीतली भजी तशीच टाकून ते बाहेर पडले आणि त्यांनी मोटरसायकलला किक मारली. इतक्या लवकर ते कधी उठत नसत, पण मंडळी पुन्हा भांडायला लागली होती, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वाडी आठ किलोमीटरवर. मोरी ओलांडताना कोणी अडवलं नाही, रस्ता चांगला डांबरी झाला होता. शेवटचं घर जानकीचं. अंगण सारवलेलं, तुळशीपाशी काजूच्या बिया वाळत टाकलेल्या. जानकी साठीची असेल. ती त्या बियांवरून हात फिरवत होती. घाडींना बघून ती उठली.

“इलात?” ती म्हणाली. जणू ते तासाभरापूर्वी येणार होते आणि थोडा उशीर झाला होता.

“वयनी, वादळाच्या दिसा तुमी खंय होतात?” घाडींनी उभ्या उभ्याच विचारलं. बसायचा त्यांना धीर झाला नाही.

“खंय म्हणजे? हंयच. ओटीच्या कोपऱ्यात. डोक्यार पाट धरून.” तिने कोपरा दाखवला. मग म्हणाली, “येवा, मागच्या दारी बघा.”

मागची पडवी म्हणजे तिचं स्वयंपाकघर होतं. पडवीचं छप्पर खाली आलं होतं, ते अजून खालीच होतं. छपरावरच्या मातीच्या नळ्यांचा ढीग, त्यातून वाढलेलं रान, आणि चुलीवर आडवा पडलेला फणसाच्या लाकडाचा एक जाड वासा. ओटीवर एका बाजूला स्टोव्ह आणि चार भांडी मांडून तिचं रांधणं चाललेलं दिसत होतं.

“दोन वर्सा झाली,” घाडी म्हणाले. “ह्या उचलूक कित्याक नाय?”

जानकीला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “पंचनामो होयसर कायएक हलवू नको, असा तेव्हा पंचायतीतसून सांगून गेले मा! हलवलंस तर नुकसान धरूचे नाय म्हणाले. म्हणान ठेवलंय तसाच. वाडीत गणपतीक इल्ले की हसतत माका. पण तुमी म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघूया.”

ढिगावर टेकलेला पाय घाडींनी मागे घेतला.

“कागदार तुमी बंद घर लिवलात, ता माका वकिलान सांगल्यान,” ती तशीच शांतपणे पुढे म्हणाली. “मिया म्हटला, तेंनी बघूक नाय, तेंका कसा कळतला? बघतले तेव्हा बरोबर लिवतले.”

ती चिडली असती, तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर घाडींना सोपं गेलं असतं. सरकारी नोकरीत शिव्या ऐकून घ्यायची सवय होतेच. तिचा विश्वास मात्र त्यांना सोसवेना. ते दारातच खाली बसले. पिशवीतला उरलेला कोरा कागद त्यांनी मांडीवर घेतला आणि वर आजची तारीख घातली.

खिशातला फोन सारखा थरथरत होता. सुशांतचे निरोप होते. मिरेलचा पंचनामा शेकडो लोकांनी वाचला, नागपूरचा कोणी तरी लिहिणाऱ्याचं नाव विचारतोय. घाडींनी फोन बंद केला.

लिहायला त्यांना पाऊण तास लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तिला तो कागद वाचून दाखवला. ‘सदर घरी मी आजपूर्वी कधीही आलो नव्हतो. वादळानंतरचा पंचनामा मी जागेवर न येता कचेरीत बसून लिहिला. तो चुकीचा आहे. सदर घरी श्रीमती जानकी ह्यांचे वास्तव्य वादळाच्या दिवशी होते व आजही आहे.’ मग मोडलेल्या छपराचं वर्णन, चारही दिशा, आणि खाली सही.

“गुरुवारी ह्या कोर्टात देतंय,” ते म्हणाले.

“आणि तुमची नोकरी?”

“तिचा काय होवचा ता होईत.” आपला आवाज इतका साधा निघाला ह्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. भीती वाटत होती, नाही असं नाही.

जानकीने कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं. आपलं नाव जिथे होतं त्या ओळीवर ती जरा थांबली, आणि कागद परत दिला.

“सगळा बघून झाला मा?” तिने विचारलं.

“झाला.”

“मगे आता हलवलंय तर चलात?”

घाडींनी मान हलवली. तिने पदर कमरेला खोचला, नळ्यांवर जपून पाय देत आत गेली आणि वाशाचं एक टोक धरलं. घाडींनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक धरलं.