डांबराखालचं झाकण

मुकादमांनी तीस वर्षं अख्ख्या गावाची गटारं उपसली, आणि आज पावसाचं पाणी त्यांच्याच घरात शिरलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गल्ली उताराची, त्यांचं घर सगळ्यात खाली. वरच्यांनी एकेक करत अंगणात फरश्या बसवल्या. मातीत मुरायचं ते पाणी खाली धावू लागलं. "शेवटी मुकादम आहेतच की," म्हणून सगळे निर्धास्त. मुकादमही दर वर्षी पावसाआधी दारासमोरच्या गटाराचं झाकण उचलून गाळ काढायचे.

यंदा झाकण नव्या रस्त्याखाली गाडलं गेलं होतं. आणि तो रस्ता मागितला कोणी? त्यांनीच. बायकोचे पाय गेल्यापासून तिची चाकाची खुर्ची खड्ड्यांत अडकायची, म्हणून अर्जांवर अर्ज केले. काम झालं त्या दिवशी दोघं दवाखान्यात. "आधी जुना थर खरवडा, मग नवा घाला," हे जन्मभर ओरडून सांगितलं, आणि स्वतःच्या दारात सांगायला हा माणूस हजर नव्हता! रस्ता उंबऱ्यापेक्षा वीतभर वर गेला.

भर दुपारी, गुडघाभर पाण्यात, ते पहार घालत होते.

"अहो, नगरपालिकेच्या ऑफिसात फोन करा ना," समोरचा शिंपी खिडकीतून ओरडला.

"तिथला फोन तीस वर्षं मीच उचलायचो. आता कोण उचलणार?"

झाकण विजेच्या खांबापासून सात पावलांवर, हे त्यांना पाठ होतं. पहार खणकन वाजली. डांबर फोडून त्यांनी झाकण उचललं आणि पाणी आत ओढलं जाण्याची वाट पाहत उभे राहिले. पाणी आत गेलं नाही. उलट आतूनच काळं पाणी फुगून वर आलं. पुढचा नालाच तुंबला होता. पहार तिथेच टाकून ते आत वळले.

घरात पाणी पलंगाच्या पट्टीला टेकलं होतं. बायको भिंतीला धरून बसली होती. खुर्ची दाराशी आडवी पडून हेलकावत होती.

"सापडलं का हो झाकण?"

"सापडलं."

"उघडलंत?"

"उघडलं."

"मग काय, आता उतरेलच," ती म्हणाली आणि तिने भिंत सोडली. "तुमच्या हातचं काम कधी फसलंय?"

मुकादमांनी तिला उचलून जेवणाच्या टेबलावर बसवलं. मग तिला पाणी दिसू नये म्हणून ते तिच्यापुढे उभे राहिले.

"उतरतंय ना?"

"हो," ते म्हणाले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं.