बाबांच्या गाडीचं तोंड

"तोंड दिलंय मी, शम्सा. दिलेलं तोंड परत घ्यायचं नसतं. सोमवारी आणि गुरुवारी, उजाडताना, गाडी झुवैनाच्या दारात."

इब्रीच्या इस्पितळातलं बाबांचं हे शेवटचं धड बोलणं. आमच्या डोंगरात माणूस शब्द देत नाही, तोंड देतो. 'ही माझ्या तोंडावर' म्हटलं की तिचं बरंवाईट आपल्यावर. झुवैनाखालाचा नवरा मरत असताना बाबा तसं म्हणाले होते, आणि पुढची पाच वर्षं आठवड्यातून दोनदा ते तिला डायलिसिसला, रक्त धुवायला, खाली इब्री शहरात नेत होते. ते आजारी पडले तेव्हापासून मी त्यांचीच गाडी घेऊन जात असे.

बाबा गेले आणि गाडी धाकट्या भावाकडे, खल्फानकडे आली. पंधरा वर्षांची पांढरी लँड क्रूझर, इंजिन ठणठणीत. खल्फानला मात्र तिची लाज वाटे. आईची इद्दतही, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, संपली नव्हती, तेवढ्यात त्याने ती मुनीरच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

जुन्या गाड्यांना नवं रूप देणं हाच मुनीरचा धंदा. नुसते दिवे बदलून भागणार नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. बॉनेट, दोन्ही मडगार्ड, जाळी, बंपर, सगळं एका मापाचं लागतं. नाक बदलायचं तर गालांसकट बदला, नाहीतर फटी राहतात. खल्फान म्हणाला, गालांसकट बदल. दिव्यांचे प्लग जुळेनात, तर वायरी कापून जोडल्या. चार दिवसांनी दारात नव्या मॉडेलची गाडी उभी राहिली. दार उघडलं की आत तीच फाटकी सीट आणि बाबांच्या कॉफीतल्या वेलचीचा वास.

सोमवारी-गुरुवारी माझा उपास असतो. त्या सोमवारी पहाटेची फजरची नमाज झाल्यावर मी खल्फानच्या गाडीत मागे बसले. चढ संपला तशी झुवैनाखाला नेहमीच्या दगडावर बसलेली दिसली, पिशवी मांडीवर. तिला आता आकारापलीकडे फारसं दिसत नाही. गाडी जवळ आली आणि ती उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली. तिने पायाजवळचा दगड उचलला आणि सरळ उजव्या दिव्यावर मारला. काच खळ्ळकन फुटली.

मी उतरून म्हटलं, "खाला, मी शम्सा."

"तू? राशिदच्या गाडीत बसून आलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राशिद तिचा पुतण्या. गेल्या वर्षी त्याने अशीच नवी गाडी घेतली, हाच रंग, हेच तोंड. फलजच्या, म्हणजे गावच्या पाटाच्या, पाण्याची तिची पाळी आपल्या नावावर करून घ्यायला तो दर आठवड्याला कागद घेऊन येई, आणि ती दर आठवड्याला त्याला शिव्या देऊन घालवी. ही बाबांचीच गाडी आहे, असं मी परोपरीने सांगितलं. तिने पुढे होऊन बॉनेटवर हात फिरवला, जाळीवर फिरवला, आणि हात ओढणीला पुसला.

तोवर खल्फान उतरला होता. "म्हातारे, दिव्याचे पैसे भर आधी."

"बापाचं तोंड कापलंस होय रे? कितीला विकलंस?"

"पत्रा होता तो."

"असेल. त्याने मला तोंड दिलं होतं, तुझा पत्रा नव्हता दिला. ते तोंड दिसेल तेव्हा उठेन मी इथून. नाहीतर इथेच मरेन."

"मर," खल्फान म्हणाला आणि त्याने गाडी वळवली. मागे बसायला मला धावावं लागलं.

तो सोमवार हुकला. मंगळवारी तिच्या पायांवर सूज आल्याचं शेजारणीने फोनवर सांगितलं. इस्पितळातली नर्स म्हणाली, आणखी एक खेप चुकली तर मग आणू नका. रुग्णवाहिका पाठवली तर खाला तिच्यावरही दगड मारील, हे नर्सलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी खल्फानकडे किल्ली मागितली. त्याने ती खिशात टाकली. आधी तिने माफी मागायची, म्हणाला. एवढी माया असेल तर तुझ्या त्या काडेपेटीतून ने. माझ्या छोट्या गाडीला तो काडेपेटी म्हणे. मी म्हटलं, ती कुठल्याच परक्या गाडीत बसणार नाही. तर म्हणाला, मग बाबांना कबरीतून उठवून आण. आई पडद्याआडून सगळं ऐकत होती. तिने खजुराचं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी मी मुनीरच्या गॅरेजात गेले. बाबांच्या गाडीचं जुनं नाक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं. बाबांच्या वेळी एका बकरीच्या धडकेने वाकलेली जाळीची तिसरी पट्टी तशीच होती. हे माझ्या गाडीला बसव, असं मी म्हटलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"बाईसाहेब, बकरीला उंटाचं तोंड कसं बसवू?"

"सगळं नको. नुसती जाळी."

मग त्याचं हसू थांबलं. ती विकली गेली आहे, खल्फानभाईंना कळलं तर माझी खैर नाही, म्हणाला. शनिवारी परत आणून देते, असं मी म्हटलं. त्याने जाळीच्या कडेला चार भोकं पाडली आणि तार दिली.

गुरुवारी खजूर आणि पाणी घेऊन उपास धरला, फजरची नमाज केली, रोजचं कुराण वाचलं. अंगणात बसून चारही भोकांतून तार ओवली आणि जाळी माझ्या गाडीच्या पुढे घट्ट आवळली. खल्फान दारात येऊन उभा राहिला.

"सगळी वस्ती हसेल तुला."

मी पक्कड तशीच हातात धरून तारेचं टोक आत वाकवलं, खाला जाळी चाचपेल तेव्हा तिच्या हाताला लागू नये म्हणून.

"तिने पुन्हा दगड मारला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

मी बिस्मिल्ला म्हणून गाडी सुरू केली. पहिल्या गिअरमध्ये चढाला लागले. जाळी खडखडत होती.