अर्ध्या बिस्किटाचा मान

"अजून सेब?" मनकर्णाबाईंनी पुरणयंत्राची मूठ फिरवायची थांबवली आणि दारात उभ्या असलेल्या अनुसयाबाईंच्या पिशवीकडे पाहिलं.

अनुसयाबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कसं यायचं, असं म्हणत त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवलीसुद्धा. ओट्यावर आधीच सफरचंदांचा ढीग होता. खाटेखालच्या परातीत सफरचंदं होती, देवघराच्या फळीवर होती आणि शिलाई मशीनवरही दोन-तीन पडू का नको अशा बेतात बसली होती.

मनकर्णाबाईंच्या नवऱ्याला, किसनरावांना, वर्ध्याच्या दवाखान्यात हृदयाच्या नळीत रिंग टाकून घरी आणल्यापासून हा पूर वाहत होता. अर्ध्या आर्वी गावाने त्यांच्या भट्टीतली बिस्किटं खाल्लेली, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. आजाऱ्यासाठी सफरचंद न्यायचं असतं एवढं प्रत्येकाला ठाऊक; तो ते खातो की नाही हे विचारायची मात्र रीत नाही. किसनरावांनी पहिल्या दिवशी एक तोंडाला लावलं, तर नवी कवळी सफरचंदातच रुतून बसली आणि ते बोळक्या तोंडाने तिच्याकडे पाहत राहिले. तेव्हापासून त्यांनी त्या फळाशी अबोला धरला.

तसा अबोला त्यांनी सगळ्यांशीच धरला होता, आणि मनकर्णाबाईंना खरा घोर त्याचाच होता.

किसनरावांची भट्टी घराच्या मागे, अंगणापलीकडे. एरवी तिथे पाव आणि टोस्ट निघत, पण भट्टीचे खरे दिवस दिवाळीच्या तोंडावरचे. बाया घरून मैदा, साखर, डालडा, वेलची घेऊन यायच्या, रिकामा डबा रांगेत लावायच्या. डब्यावर खडूने घरधन्याचं नाव. किसनराव त्यांच्या डोळ्यांदेखत पीठ मळून घ्यायचे, नानखटाई भाजून डबा भरून द्यायचे. पण झाकण लावण्याआधी त्यांचा एक नेम होता. पहिलं बिस्किट ते हातात मोडायचे. अर्धं डब्याच्या मालकिणीला द्यायचे आणि अर्धं स्वतः खायचे. नीट चावून, डोळे मिटून. मग मान हलली की झाकण लागायचं. मान हलली नाही तर अख्खा घाणा पुन्हा, तोही स्वतःच्या मैद्याचा. त्या अर्ध्या बिस्किटावर लोकांचा इतका विश्वास की बाया गिरडहूनसुद्धा डबे घेऊन यायच्या.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की डालडा आणि साखर बंद, नानखटाईचा कणसुद्धा नाही. किसनरावांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि भट्टीची किल्ली फळीवर टाकून दिली.

"चाखल्याबिगर दुसऱ्याचा डबा भरून देऊ? तसा धंदा म्या केला नाई अन् करतबी नाई." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दिवाळी जवळ आली तरी तोंड भिंतीकडेच. भट्टीवर पीठ मळणारे बबनराव रोज सकाळी यायचे, फळीवरच्या किल्लीकडे पाहायचे, चहा पिऊन जायचे. लोक विचारायचे, कधी पेटते भट्टी? मनकर्णाबाई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या. कमाईचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. जावयासकट सगळे सांभाळणारे होते. पण ज्या माणसाची पहाट पिठाच्या वासाने उजाडायची, तो असा पडून राहिला तर रिंग टाकून आणला काय आणि न टाकता आणला काय, असं त्यांना वाटायचं.

तोडगा सुचवला नालवाडीला दिलेल्या लेकीने. हर्षा दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंना भेटून आली होती. सफरचंद सालीसकट शिजवायचं, गाळून त्याचा गर करायचा आणि तो डालडा-साखरेच्या जागी घालायचा. असं काही केलं तर बाबांना एखादा लहानसा तुकडा चालेल, असं बाईंनी सांगितल्याचं तिने फोनवर कळवलं. मनकर्णाबाईंना फोडी शिजवायला आणि गाळायला शिकवावं लागणार नव्हतं. त्यांनी थोडंसं पाणी, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाचे चार थेंब टाकून पातेलं चढवलं आणि पुरणयंत्र खाली काढलं. साली वर राहत होत्या आणि खालच्या परातीत सायीसारखा गुलाबट गर उतरत होता. घरभर असा वास सुटला की अनुसयाबाई आजाऱ्याला भेटायचं विसरून दोन वाट्या चाटून गेल्या.

दुपारी किसनरावांचा डोळा लागलेला पाहून मनकर्णाबाईंनी फळीवरची किल्ली उचलली. बबनरावांनी भट्टी पेटवली. लग्न होऊन आल्यापासून त्या भट्टीवर तराजूशी बसत आल्या होत्या. कोणत्या डब्याला मैदा किती, डालडा किती, झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. तेच माप त्यांनी इथे लावलं. जेवढा डालडा, तेवढा गर. जेवढी साखर, तेवढा पुन्हा गर. मैद्याच्या जागी कणीक. परातीत जे झालं ते हाताला लागून थेट कोपरापर्यंत ओघळलं.

"वहिनी, बिस्किटं होय का भजे?" बबनरावांनी विचारलं.

माघार घ्यायची नाही म्हणून मनकर्णाबाईंनी ते चमच्याने पत्र्यावर घातलं आणि पत्रा रसरसलेल्या भट्टीत सारला. थोड्याच वेळात वरून कोळसा आणि आतून खीर असा प्रकार बाहेर आला. करपट वास अंगण ओलांडून खाटेपर्यंत पोचला.

गल्लीत पुढे सगळे म्हणाले की मनकर्णाबाईंनी मुद्दाम बिघडवलं, नवऱ्याला उठवायला. त्यांनीही ते कधी नाकारलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांनी ते अगदी मनापासून, प्रामाणिकपणे बिघडवलं होतं.

किसनराव बनियनवरच भिंत धरत धरत भट्टीच्या दारात आले. कोणाला न विचारता त्यांनी पत्र्यावरचं एक उचललं आणि नेहमीसारखं मोडायला गेले. ते मोडेना. ओढलं तर ताणलं गेलं.

"काय होय वं हे?"

"तुमच्यासाठी केलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमाले चाखता यावं म्हणून." आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसावे लागू नयेत म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

किसनरावांनी ते पत्र्यावर परत ठेवलं. मग परातीतल्या उरलेल्या गरात त्यांनी बोट बुडवलं, ते वर धरून थेंब कसा पडतो ते पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"पुरण एवढं पातळ ठेवतं का तू? उलथनं उभं राह्यते का यात?"

राहत नव्हतं. आयुष्यात कधी सैल पुरण न केलेल्या बाईला हे नवऱ्याने सांगावं, याचा मनकर्णाबाईंना असा राग आला की रडूच पळालं. त्यांनी गर पुन्हा चुलीवर चढवला आणि उलथनं उभं राहीपर्यंत घोटला. किसनराव बसल्या जागेवरून सांगत होते. तूप अजिबातच वगळू नको, चमचाभर घाल, नाहीतर चिवट होते. कणीक हलक्या हाताने मिसळ, मळू नको. याची नानखटाई व्हायची नाही, चिमूटभर सोडा टाक आणि वाट्यांत घाल. आणि बबनरावांना म्हणाले की घाई करू नका, भट्टी उतरू द्या. पाव भाजायच्या आचेत हे नाजूक काम टिकायचं नाही. मग ते स्वतः उठले. चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर टाकून ते किती हळू तांबूस होतंय ते वाकून पाहत राहिले. हर्षाने ते पाहिलं असतं तर आरडाओरडा केला असता. मनकर्णाबाई मात्र पाहत राहिल्या आणि त्यांना वाटलं, आता काही बिघडत नाही.

वाट्या निघाल्या तेव्हा त्यांतले गोळे टम्म फुगून वर आले होते. किसनरावांनी एक पालथी घातली, पण तोंडात टाकण्याआधी सवयीने विचारलं, "डबा कोणाचा?"

डबाच नव्हता. त्या भट्टीत घरचा डबा म्हणून कधी लागलाच नव्हता. बबनरावांनी कोपऱ्यातला एक रिकामा डबा पुसून आणला आणि खडूने 'किसनराव' लिहायला घेतलं. किसनरावांनी तळहाताने ते पुसलं, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनकर्णाबाई'. मग हातातलं मोडलं. अर्धं बायकोला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. डोळे मिटून, पुष्कळ वेळ.

"नानखटाई नाई हे," ते म्हणाले. "पण चांगलं आहे."

मनकर्णाबाईंनी संधी साधली. उद्या अनुसयाबाईंना डबा घेऊन बोलावू का, असं त्यांनी विचारलं. किसनरावांचा चेहरा पुन्हा पडला.

"तिच्या डब्यातलं अर्धं कोण खाईन?"

मनकर्णाबाई हातातला तुकडा सावकाश चावत होत्या. किसनराव त्यांच्याकडे पाहत राहिले.

"इतके वर्ष तू तराजूपाशी बसली. तू कधी चाखलं नाई?"

"मले कोणं देलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. डब्याच्या मालकिणीला अर्धं, भट्टीच्या मालकाला अर्धं. तिसरं अर्धं बिस्किटाला नसतंच.

किसनरावांनी कवळी काढून धुतली आणि ते जाऊन झोपले. पण त्या दिवशी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

भट्टी पेटल्याची बातमी गावभर झाली होती; सकाळी भट्टीसमोर डब्यांची रांग लागली. बबनराव मळत होते, किसनराव स्टुलावर बसून आच पाहत होते, मनकर्णाबाई तराजूपाशी होत्या. पहिला डबा अनुसयाबाईंचा. नानखटाईचा पत्रा बाहेर आला आणि डालडा-वेलचीचा तो जुना वास अंगणभर पसरला. किसनरावांनी तो एकदा छातीभर ओढून घेतला. तेवढंच आता त्यांच्या वाट्याला होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पहिलं बिस्किट मोडलं. अर्धं अनुसयाबाईंना दिलं.

दुसरं अर्धं घेऊन ते तराजूपाशी गेले आणि मनकर्णाबाईंसमोर धरलं.

रांगेतल्या बाया पुढे सरकून पाहू लागल्या. मनकर्णाबाईंनी पदराला हात पुसले, तुकडा घेतला आणि डोळे मिटले. किसनराव झाकण हातात धरून उभे राहिले. एरवी त्यांची मान हलण्याची वाट सगळे जशी पाहायचे, तशी ते आता बायकोची मान हलण्याची वाट पाहत होते.

"वेलची जुनी आहे तुमची," मनकर्णाबाई अनुसयाबाईंना म्हणाल्या. "भाजणी बरोबर आहे." आणि त्यांनी मान हलवली.

किसनरावांनी झाकण लावलं आणि पुढचा डबा कोणाचा ते विचारलं.